विषय: संसदेची सत्रसमाप्ती आणि सी-७१ विधेयक

७ जानेवारी २०२५
प्रेषक: सचिव

मंडळी,
काल पंतप्रधान ट्रूडोंच्या सल्ल्यावरून गव्हर्नर जनरलनी कॅनडाच्या संसदेचं सत्र संपवलं. पुढचं सत्र २४ मार्चला. परदेशात जन्मलेल्या दुसऱ्या पिढीलाही नागरिकत्व देऊ पाहणाऱ्या सी-७१ विधेयकाबद्दल सभासदांची विचारणा चालू आहे. पत्रकात 'चर्चा २४ मार्चपासून पुढे चालू होईल' असं लिहिलं तर चालेल का? वि. ग. काका, तुम्ही जरा बघाल का?

७ जानेवारी २०२५
प्रेषक: वि. ग., ओटावा

नाही चालणार. आपल्या मनात भारतातली पद्धत पक्की बसलेली असते. तिथे राज्यघटनेच्या अनुच्छेद १०७(३) नुसार सत्रसमाप्ती झाली म्हणून संसदेतलं प्रलंबित विधेयक व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द, होत नाही. राज्यांसाठी १९६(३) तेच सांगतो. म्हणून मुंबईत अडकलेलं विधेयक नागपूरच्या अधिवेशनात तिथूनच पुढे सरकतं.

कॅनडात उलट आहे. सत्र संपलं की शाही संमती न मिळालेली सगळी सरकारी विधेयकं कामकाजपत्रिकेवरून पुसली जातात, मग ती सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, शेवटच्या वाचनाला का असेनात. समित्यांचं कामही बंद. सी-७१ हे मे २०२४ मध्ये मांडलेलं सरकारी विधेयक, तेही कॉमन्समध्ये, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, दुसऱ्या वाचनातच रखडलेलं. ते गेलं.

परत आणायचे मार्ग दोन: नव्या सत्रात नवीन क्रमांकाने पहिल्यापासून मांडायचं, किंवा सभागृहाने ठराव करून ते होतं त्याच टप्प्यावर पुन्हा घ्यायचं. दुसऱ्यासाठी सभागृहाची संमती लागते. अल्पमतातल्या सरकारला ती गृहीत धरता येत नाही. त्याआधी सिंहासनावरून भाषण, म्हणजे नव्या सत्रासाठी सरकारचं धोरण सांगणारं भाषण, आणि त्यावरच्या मतदानात सरकार पडू शकतं.

खासगी सदस्यांच्या, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांच्या, विधेयकांचं मात्र वेगळं. कॉमन्सच्या स्थायी आदेश ८६.१ मुळे तिथे मांडलेली अशी विधेयकं सत्रसमाप्तीनंतरही टिकतात. विचित्र वाटेल, पण मागच्या बाकावरच्या खासदाराचं विधेयक मंत्र्याच्या विधेयकापेक्षा चिवट निघतं.

२४ मार्च ही तारीखही हवेतून आलेली नाही. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, त्याआधी खर्चाला मंजुरी लागते. घटनेचं बंधन एवढंच की संसद बारा महिन्यांतून एकदा तरी बसली पाहिजे.

पत्रकात असं लिहा: 'विधेयक रद्द झालं आहे. परदेशात जन्मलेल्या दुसऱ्या पिढीला आपोआप नागरिकत्व नाही, ही मर्यादा ओंटारिओच्या न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवली. त्या निकालाची स्थगिती सध्या १९ मार्चपर्यंत आहे.' म्हणजे संसद बंद असली तरी न्यायालयाचं घड्याळ चालूच आहे.

८ जानेवारी २०२५
प्रेषक: मा. द., मिसिसागा

काका, मग सरकारने सुचवलेली भांडवली नफ्यावरची करवाढही गेली ना? भाड्याने दिलेला काँडो गेल्या ऑगस्टमध्ये विकलेले बरेच जण आहेत.

८ जानेवारी २०२५
प्रेषक: सु. प., लेखापाल

ताई, तसं धरून चालू नका. या वाढीचं विधेयक मांडलंच गेलं नव्हतं. सभागृहापुढे फक्त करप्रस्तावाची सूचना होती. अशा सूचनेवर कर खातं कायद्याआधीच अंमल सुरू करतं, आणि सत्र संपलं तरी तसंच चालू ठेवणार असं त्यांनी सांगितलंय.

फरक किती ते पाहा. नफा ४,००,००० डॉलर. जुन्या नियमाने निम्मा, म्हणजे २,००,००० करपात्र. प्रस्तावानुसार पहिल्या २,५०,००० चे निम्मे १,२५,००० आणि उरलेल्या १,५०,००० चे दोन-तृतीयांश १,००,०००, एकूण २,२५,०००. विवरणपत्राची घाई करू नका, दोन्ही आकडे काढून ठेवा. राहत्या घराला यातलं काही लागू नाही.

१ फेब्रुवारी २०२५
प्रेषक: सु. प.

सरकारने काल ही वाढ १ जानेवारी २०२६ पर्यंत पुढे ढकलली. ऑगस्टच्या विक्रीला जुनाच हिशेब.

२४ मार्च २०२५
प्रेषक: वि. ग.

आज भरायची ती संसद भरलीच नाही. काल नवे पंतप्रधान कार्नी यांच्या सल्ल्यावरून ती विसर्जित झाली, मतदान २८ एप्रिलला. विसर्जनात खासगी विधेयकंही वाचत नाहीत. करवाढ तर कार्नींनी २१ तारखेलाच रद्द केल्याचं जाहीर केलं. नागरिकत्वाच्या निकालाची स्थगिती न्यायालयाने २५ एप्रिलपर्यंत वाढवली आहे. नवं विधेयक येईल ते नव्या संसदेतच.

सचिव, रविवारच्या गुढीपाडव्याच्या पत्रिकेत एक दुरुस्ती हवी. सत्रसमाप्तीत खासदार खासदारच राहतात, विसर्जनानंतर नाही. प्रमुख पाहुण्यांच्या नावापुढचं 'खासदार' काढा. मंत्री असतील तर 'मंत्री' राहू द्या, ते पद चालू असतं. आणि एका उमेदवाराला व्यासपीठावर बोलावलं तर बाकीच्यांनाही बोलवा, नाहीतर कोणालाच नको.