पद्मिनी उजवीकडे ओढते, अलाइनमेंट करूनही डावा टायर आतून खाते – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
वडिलांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी आहे. आम्ही आर्वी तालुक्यातले. कॉम्प्युटर अलाइनमेंटसाठी (चाकांचे कोन मशीनवर मोजून जुळवायला) वर्धा नाहीतर अमरावती गाठावी लागते. तिथे स्क्रीनवर सगळे आकडे बरोबर येतात आणि गावाच्या फाट्यापर्यंत गाडी पुन्हा उजवीकडे ओढायला लागते. पुढचा डावा टायर आतल्या कडेने पार गुळगुळीत, बाहेरची नक्षी शाबूत. काळ्या मातीवरचे आमचे रस्ते पावसाळ्यानंतर कसे होतात ते वेगळं सांगायला नको.

चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवलं तर खटखट येते. मुलाला ब्रेक दाबून धरायला लावला, तरी तशीच. मेकॅनिक म्हणतो, व्हील बेअरिंग बदला. अलाइनमेंटवाला म्हणतो, टायर बदला. आधी काय करू?

प्रतिसाद
भाऊ, दोन्ही राहू द्या. ब्रेक दाबला की चाकाचा ड्रम नकलला (चाक ज्यावर बसतं त्या वळणाऱ्या भागाला) जखडतो, बेअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, तेवढ्यापुरता नाहीसा होतो. तुमचा गेला नाही, म्हणजे किंगपिनचे (नकल ज्या उभ्या पिनवर वळतो तिचे) बुश, म्हणजे पिनभोवतीच्या नळ्या, नाहीतर विशबोनचे (नकलला गाडीशी जोडणाऱ्या आर्मचे) बुश. एकाने चाक हलवा, दुसऱ्याने टॉर्च मारून पाहा: नकल पिनवर हलतो की अख्खा आर्म?

मशीन उभ्या गाडीचं माप घेतं. गाडी धावली की रस्ता पुढची चाकं मागे रेटतो, ब्रेक मारला की आणखीच. जेवढा प्ले, तेवढं चाक जागा सोडतं. मग स्क्रीनवरचे आकडे काय कामाचे? टाय रॉड (स्टीअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा) फिरवून टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते, जुळतो; झिजलेली पिन नाही. पिन ढिली झाली की वजनाने चाक वरून आत झुकतं, आतली कड खातं. डावं असं झुकलं तर गाडी उजवीकडेच जाणार.

टायरवर आडवा हात फिरवून बघा. एका दिशेने करवतीसारखे दाते लागले तर टोचीही गडबड आहे, टाय रॉड एंड तपासा.

धागाकर्ता
पाहिलं. पिनवरच हलतोय जी. ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) मातीने बुजलंय. बुश इथला लेथवाला बसवेल का?

प्रतिसाद
बसवेल, पण बुश ठोकल्यावर रीमर (भोक मापात करायचं हत्यार) मारायला लावा, वरचा-खालचा एका रेषेत. नुसता ठोकून दिला तर स्टीअरिंग जड होईल. उजवी बाजूही सोबतच उघडा. गाडीची दोन्हीकडची उंची मोजा. स्प्रिंग दबून बसली असेल तर तीही आत्ताच बदला. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. आणि ग्रीस मारताना चाक उचलून मारा, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत.