मदत हवी आहे: सुपरड्रॅकोच्या बर्स्ट डिस्कबद्दल

नमस्कार मंडळी, भाचीला कॉलेजात कॅप्सूलच्या एस्केप सिस्टीमवर (संकटात अंतराळवीरांची कॅप्सूल रॉकेटपासून दूर नेणारी यंत्रणा) प्रेझेंटेशन द्यायचंय आणि आम्ही दोघं एका मुद्द्यावर अडलोय. एप्रिल २०१९ मध्ये फ्लोरिडात जमिनीवरच्या टेस्टमध्ये स्पेसएक्सच्या क्रू ड्रॅगन कॅप्सूलचा (सुपरड्रॅको ही तिचीच एस्केप इंजिनं) स्फोट झाला, कारण एक व्हॉल्व्ह लीक होऊन थोडं नायट्रोजन टेट्रॉक्साइड (इंधन जाळणारं द्रव ऑक्सिडायझर) हेलियमच्या नळीत (या गॅसच्या प्रेशरने प्रोपेलंट, म्हणजे इंधन आणि ऑक्सिडायझर, इंजिनकडे ढकलतात) शिरलं, मग हेलियमचं प्रेशर एकदम आत सोडल्यावर ते जोरात टायटॅनियमच्या चेक व्हॉल्व्हवर (एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) आदळलं आणि तिथंच आग लागली. नंतर चेक व्हॉल्व्हच्या जागी बर्स्ट डिस्क बसवल्या, म्हणजे प्रेशरने फुटेपर्यंत रस्ता पूर्ण बंद, आणि जानेवारी २०२० ची अबॉर्ट टेस्ट (उड्डाणात एस्केपची चाचणी) झकास झाली.

आता प्रश्न असा की डिस्क एकदा फुटली की परत बंद होत नाही, मग प्रोपेलंट उलटं हेलियमकडे जायला काय अडवतं, नुसतं हेलियमचं प्रेशर पुरतं का? आणि दुसरं, मला तर हेच जास्त महत्त्वाचं वाटतं, याच ऑक्सिडायझरसाठी टायटॅनियमच्या टाक्या वर्षानुवर्षं वापरतात, तिथं काही होत नाही, मग व्हॉल्व्हच का पेटला? गगनयानला वर सॉलिड मोटर्सचा (घन इंधनाच्या) टॉवर आहे त्यामुळे तिथं एस्केपसाठी ही भानगडच नाही.

प्रोपल्शनमधलं कोणी असेल तर प्लीज जरा सोपं करून सांगा, हाताने काढलेली आकृती असली तरी चालेल.