साठीच्या आसपास नवी भाषा: वयाने नेमकं काय कमी होतं आणि आखणीत काय बदलावं?

कानामात्रा
मातृभाषा मराठी असलेल्या, साठीच्या आसपासच्या दहाबारा जणांच्या गटासाठी जर्मनच्या पहिल्या वर्षाची आखणी करायची आहे. आठवड्याला दोन-दोन तासांचे दोन वर्ग आणि घरी रोज पाऊण तास, एवढा वेळ हाताशी आहे. तरुणांसाठीचं पुस्तक जसंच्या तसं वापरलं की या वयोगटात तीन ठिकाणी गाडं अडतं. जवळजवळचे ध्वनी कानाला एकच वाटतात. वाचताना ओळखलेला शब्द बोलताना आठवत नाही. क्रियापदांचे शेवट गळतात. 'वय झालं' म्हणून हे सोडून देणं पटत नाही. यातलं खरोखर वयामुळे किती, आणि शिकवण्याची पद्धत बदलून सुटण्यासारखं किती? 'मेंदू तरुण ठेवा' छापाचे सल्ले नकोत, वर्गात उद्यापासून करता येईल असं सांगा.

रफार
'भाषा शिकण्याची क्षमता' अशी एकच वस्तू नसते, त्यामुळे तिला एकच वयोमर्यादा नाही. ध्वनी, व्याकरण आणि शब्दसंग्रह यांचा वयाशी संबंध वेगवेगळा आहे.

ध्वनींचं सगळ्यात आधी ठरतं. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता, दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेकांना तो कळेनासा झाला होता. म्हणजे आपल्या भाषेत ज्या फरकाला काम नाही, तो बाजूला सारायला कान पहिल्या वाढदिवसाच्या आतच शिकतो. तुमच्या गटाची ही अडचण साठीतली नाहीच, ती विशीतल्यांनाही असते.

व्याकरणाबाबत १९८९ चा जॅकलिन जॉन्सन आणि एलिसा न्यूपोर्ट यांचा अभ्यास सतत पुढे केला जातो. चिनी किंवा कोरियन मातृभाषेचे ४६ जण, अमेरिकेत आले तेव्हाचं वय ३ ते ३९. सातव्या वर्षापर्यंत आलेल्यांचे गुण इंग्रजी मातृभाषकांइतके होते, त्यानंतर पौगंडावस्थेपर्यंत घसरण. त्यापुढच्या वयात आलेल्यांत मात्र वयावरून गुणांचा अंदाज बांधता येईना, माणसामाणसांतच प्रचंड फरक होता. हा दुसरा निष्कर्ष फारसं कुणी सांगत नाही, आणि प्रौढांना शिकवणाऱ्यांच्या कामाचा तोच आहे. २०१८ साली हार्ट्सहॉर्न, टेनेनबाम आणि पिंकर यांनी सुमारे ६ लाख ७० हजार लोकांच्या ऑनलाइन चाचणीवरून व्याकरण शिकण्याचा वेग १७.४ वर्षांपर्यंत टिकतो असं मांडलं. त्यावर 'अठरानंतर भाषा येत नाही' असे मथळे झळकले. त्या अभ्यासात मोजलेली गोष्ट होती मातृभाषकाच्या जवळ जाणारं व्याकरण. शिवाय त्याच आकड्यांचं पुढे फेरविश्लेषण झालं, तेव्हा सगळ्या गटांत अशी एका वयाला तुटणारी कडा सापडली नाही. बऱ्याच जणांत घसरण सावकाश आणि सलग होती.

सुरुवातीच्या वेगात मोठेच पुढे असतात. कॅथरीन स्नो आणि मारियान हूफनागेल-हूले यांनी १९७८ साली नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांची वर्षभरात तीनदा चाचणी घेतली. पहिल्या काही महिन्यांत आघाडीवर होती १२ ते १५ वर्षांची मुलं आणि प्रौढ, तर तीन ते पाच वर्षांची मुलं सगळ्यात मागे.

साठीत खरोखर जे बदलतं ते असं: ऐकलेलं पचवण्याचा वेग कमी होतो, एका वेळी डोक्यात धरून ठेवायच्या गोष्टी कमी होतात, माहीत असलेला शब्द ओठांवर यायला उशीर लागतो, आणि वरच्या पट्टीतलं ऐकू येणं उतरतं. चारही गोष्टींना वर्गात उपाय आहेत. नियम समजून घेऊन लावणं आणि संदर्भावरून अर्थ काढणं यात मात्र वय आड येत नाही, उलट मदतच करतं.

कानोसा
ध्वनींचं मी सविस्तर सांगतो, कारण बहुतेक वर्गांत इथेच चुकीच्या क्रमाने काम होतं. आधी 'म्हणून दाखवा' आणि मग 'ऐका'. जो फरक कानाला कळत नाही तो तोंडातून नेमका निघत नाही, आणि निघालाच तरी टिकत नाही.

पद्धत जुनी आणि तपासलेली आहे. १९९१ साली लोगन, लायव्हली आणि पिसोनी यांनी सहा जपानी प्रौढांना इंग्रजीतले 'र' आणि 'ल' वेगळे ऐकायला शिकवलं. तीन आठवड्यांत १५ सत्रं, पाच वेगवेगळ्या माणसांचे आवाज, आणि प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे बरोबर-चूक. अचूकता सरासरी ७८ टक्क्यांवरून ८६ वर गेली. आकडा छोटा वाटेल, पण हे उच्चार सुधारण्याचे धडे नव्हते, निव्वळ ऐकणं होतं. पुढच्या एका अभ्यासात अशा ऐकण्याच्या सरावाने बोलण्यातला उच्चारही सुधारलेला दिसला.

तुमच्या गटासाठी असं करा:

- सुरुवातीला दोनच जोड्या निवडा. पहिली 'फीअर' (चार) आणि 'साठी' या अर्थाचा शब्द, ज्यात ओठ गोल करून म्हटलेला ई आहे. दुसरी लांब आणि आखूड इ: 'मीटं' म्हणजे भाडं, 'मिटं' म्हणजे मध्य. मराठी बोलण्यात इ आणि ई यांच्या लांबीवर अर्थ क्वचितच अवलंबून असतो, म्हणून ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आपण मराठी लिहितानाही करतो. जर्मनमध्ये त्यावर अर्थ बदलतो.
- प्रत्येक ध्वनीसाठी आठ-दहा शब्द, किमान चार आवाजांत. दोन पुरुष, दोन स्त्रिया. एकट्या शिक्षकाच्या आवाजावर सराव केला तर विद्यार्थी तो आवाज पाठ करतात, ध्वनी शिकत नाहीत.
- ऐकायचं, दोनपैकी एक निवडायचं, लगेच उत्तर पाहायचं. दहा-बारा मिनिटं रोज, तीन आठवडे. एका बैठकीत तासभर करू नका, वीस मिनिटांनंतर चुका थकव्याच्या असतात.
- दर शुक्रवारी नवा आवाज आणि नवे शब्द घेऊन चाचणी. नव्या आवाजावर ९०% आले की पुढची जोडी.

उच्चार देवनागरीत लिहून घेणं पहिले दोन महिने बंद करा. त्या गोल ओठांच्या ई साठी आपण 'फ्यूर' असं लिहितो, म्हणजे य आणि ऊ असे एकामागून एक दोन ध्वनी. प्रत्यक्षात तो एकच ध्वनी आहे: जीभ ई च्या जागी, ओठ ऊ चे, दोन्ही एकाच वेळी. 'ई' लांबवत धरायचा, जीभ न हलवता ओठ तेवढे गोल करायचे. वहीत एकदा य लिहिला गेला की तो वर्षभर बोलण्यातून जात नाही.

मराठी माणसाला फुकट मिळालेलं एक भांडवलही वापरा. 'चमचा'तला च आपल्याला आहेच, तो जर्मनमध्ये 'दहा'च्या शब्दाच्या सुरुवातीला लागतो. इंग्रजी भाषकांना शब्दाच्या सुरुवातीला त्याचा वेगळा सराव करावा लागतो. तुम्ही त्यावर एक मिनिटही घालवू नका.

श्रुतिका
कानोसा यांच्या सरावाआधी एक पायरी आहे: श्रवण तपासणी. साठीत हे टाळू नये, आणि याबद्दल लाजण्यासारखं काहीच नाही. वयानुसार ऐकू येणं आधी वरच्या पट्टीत कमी होतं, साधारण ४००० ते ८००० हर्ट्झच्या भागात. स, फ, थ, श यांची ओळख पटवणारी बरीचशी ऊर्जा या वरच्या भागात असते. स्वर खालच्या पट्टीत ठळक असतात, त्यामुळे 'आवाज येतो पण शब्द कळत नाही' अशी तक्रार होते. मातृभाषेत गाळलेला ध्वनी मेंदू अंदाजाने भरतो. नव्या भाषेत भरायला साठाच नसतो.

आता तुमची तिसरी अडचण बघा. जर्मन क्रियापदाचे शेवट स्ट, ट असे असतात: 'तू येतोस' ला 'कोम्स्ट', 'तो येतो' ला 'कोम्ट'. ज्याला तो शेवटचा स नीट ऐकूच येत नाही, त्याच्या वहीतली चूक व्याकरणाची दिसते आणि असते कानाची. ओळखायची युक्ती सोपी आहे. तेच वाक्य छापील देऊन शेवट भरायला सांगा. छापील बरोबर आणि ऐकून चूक असेल तर नियम शिकवण्यात वेळ घालवू नका, तपासणीला पाठवा.

तपासणी होईपर्यंतही बरंच करता येतं. पंखा आणि खिडकीतला आवाज बंद करा, कारण गोंगाटातून बोलणं वेगळं काढणं या वयात तपासणी ठीक आली तरी अवघड जातं. खुर्च्या अर्धगोलात ठेवा, बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड हवा, पाठीमागे नको. ध्वनिमुद्रण लॅपटॉपच्या स्पीकरवर न लावता घरी हेडफोनवर ऐकायला द्या. वेग आधी ०.८, तेच मुद्रण दोन दिवसांनी १.०. अर्ध्या वेगाला जाऊ नका, शब्दांचे जोड तुटतात आणि ऐकलेलं खऱ्या बोलण्याशी जुळत नाही.

कानामात्रा
छापील-ऐकीव फरकाची चाचणी याच आठवड्यात घेते. शब्द आठवण्याबद्दल कुणी सांगेल का? पुस्तकात प्रत्येक धड्याला चाळीस शब्द आहेत, रंग सगळे एकत्र, नातेवाईक सगळे एकत्र.

पूर्णविराम
ती मांडणीच आधी मोडा. एकाच गटातले शब्द एकदम शिकवले की ते एकमेकांत मिसळतात. टिंकहॅम आणि वॉरिंग यांच्या १९९० च्या दशकातल्या प्रयोगांत असे संच शिकायला जास्त फेऱ्या लागल्या. लाल रंग आज टोमॅटोच्या वाक्यात, निळा पुढच्या आठवड्यात. डावा-उजवा तर एका दिवशी कधीच नको. एक पक्का बसला की दुसरा.

संख्या: दिवसाला सहा ते आठ नवे शब्द, त्याहून जास्त नाही. कार्डांच्या ॲपमध्ये रोज दहा नवे घेतले की काही आठवड्यांत रोजची उजळणी ७० ते १०० कार्डांवर जाते. तुमच्या पाऊण तासाचा निम्मा भाग त्यात संपेल, आणि लोक सोडतात ते याच टप्प्यावर.

शब्द ओळखता येतो पण आठवत नाही, कारण सराव ओळखण्याचाच झालेला असतो. कार्डाच्या पुढच्या बाजूला मराठी वाक्य किंवा चित्र, मागे जर्मन. आठवायला दहा सेकंद द्या, आणि उत्तर मोठ्याने. साठीत हे दहा सेकंद फार महत्त्वाचे आहेत. तरुणांच्या वर्गात शिक्षक दोन-तीन सेकंदांत उत्तर पुरवतात, आणि आठवण्याची क्रिया पूर्णच होत नाही.

उजळणीचं अंतर किती दिवसांनी लागणार त्यावर ठरवा. २००८ साली सेपेडा आणि सहकाऱ्यांनी मोजलं: आठवड्याने चाचणी असेल तर दोन अभ्यासांत एक दिवसाचं अंतर उत्तम, ३५ दिवसांनी असेल तर ११ दिवसांचं, वर्षभराने असेल तर २१ दिवसांचं. वर्गात प्रत्येक धडा तीन आठवड्यांनी पुन्हा उघडा, दहा मिनिटांसाठी का होईना. 'झालेला धडा' ही कल्पनाच घातक आहे.

नामं कायम लिंगासकट. इथे मोठ्यांची नियम वापरण्याची ताकद कामी येते: उंग, हाइट, काइट, शाफ्ट हे शेवट स्त्रीलिंगी, खन आणि लाइन नपुंसकलिंगी. एका दुपारी शेकडो नामं सुटतात. तीन लिंगं मराठीतही असल्याने कल्पना समजावावी लागत नाही, पण मराठीचं लिंग तिथे चालत नाही. सूर्य जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आहे.

अर्धस्वर
वर सगळं पटलं, पण वयाच्या नावावर खपणारा आणखी एक घटक आहे, तो म्हणजे तास. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवा संस्थेत इंग्रजी भाषक प्रौढांना जर्मनसाठी वर्गातले सुमारे ९०० तास दिले जातात, जपानीसाठी २२००. तुमच्या आखणीत वर्षाला वर्गाचे जेमतेम २०० तास होतात. परदेशी शाळेत टाकलेलं मूल दिवसाला सात-आठ तास ती भाषा ऐकतं, म्हणजे तेवढे तास एका महिन्यात. दोघांची तुलना करून 'मुलं पटकन शिकतात' म्हणणं चूक आहे.

तास सारखे ठेवून पाहिलं तर चित्र उलटतं. कार्मेन मुन्योस यांच्या बार्सिलोनातल्या प्रकल्पात आठव्या वर्षी आणि अकराव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेल्यांची २००, ४१६ आणि ७२६ तासांनंतर तुलना झाली. बहुतेक चाचण्यांत उशिरा सुरू करणारे पुढे होते. लहान वयाचा फायदा मिळायला भाषेत बुडालेलं असावं लागतं, आठवड्याच्या दोन-तीन तासिकांनी तो मिळत नाही.

रफार
अर्धस्वर यांच्याशी सहमत, पण एका बाबतीत वयाची मर्यादा खरोखर कठोर आहे: पहिल्या भाषेच्या. रेचल मेबरी यांच्या २००२ च्या अभ्यासात, लहानपणी कुठलीच भाषा न मिळालेल्या कर्णबधिरांना नंतर खुणांची भाषा शिकतानाही फार जड गेलं. बोली असो वा खुणांची, लहानपणी एक भाषा पक्की मिळालेल्यांना उशिरा मिळालेली दुसरी भाषा चांगली जमली. म्हणून कर्णबधिर बाळाला 'थांबून पाहू' म्हणू नये, खुणांची भाषा लगेच सुरू करावी. तुमच्या गटातल्या प्रत्येकाचा हा पाया केव्हाच घातला गेला आहे.

पूर्णविराम
कानामात्रा, पाऊण तासाची विभागणी अशी सुचवतो. सकाळी १२ मिनिटं कानाचा सराव आणि १० मिनिटं कार्डं. संध्याकाळी १५ मिनिटं छापील मजकूर समोर ठेवून ऐकणं, आणि ८ मिनिटं त्याच मजकुरातली तीन वाक्यं न बघता मोठ्याने. सकाळचं आणि संध्याकाळचं एकत्र करू देऊ नका. वर्गात बोलताना एका आठवड्याला एकाच प्रकारची चूक सुधारा. या आठवड्यात क्रियापदाचा शेवट, तर लिंगाची चूक झाली तरी बोलू द्या. दोन्हीकडे लक्ष ठेवायला सांगितलं की वाक्यच थांबतं.

कानामात्रा
पहिल्या तीन आठवड्यांत दोन जोड्या, रोज सहा शब्द, आणि पहिल्याच वर्गात छापील-ऐकीव चाचणी, अशी सुरुवात करते. धडे पुस्तकाच्या क्रमाने न घेता शब्द विखरून नवी यादी बनवतेय, तयार झाली की इथे टाकते. त्यात कुठे एका गटातले दोन शब्द जवळ आलेले दिसले तर दाखवून द्या.