इन्सुलिन पंप लावला तरी जेवण सांगावंच लागतं
मधुमेहात साखर मोजणाऱ्या सेन्सरला जोडलेला, आपोआप इन्सुलिन सोडणारा 'पंप लावला की साखरेची काळजी मिटली' असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. सेन्सर साधारण दर ५ मिनिटांनी आकडा पाठवतो आणि त्यावरून पंप बेसल (म्हणजे दिवसभर थोडं थोडं जाणारं) इन्सुलिन कमी-जास्त करतो. रात्री झोपेत साखर उतरू लागली की तो हात आखडता घेतो, आणि माझ्या मते त्याचा सर्वांत मोठा फायदा हाच. अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळालेल्या मिनिमेड ६७०जी या पंपापासून ही पद्धत रुळली.

पण जेवणाचं गणित वेगळं. सेन्सर रक्तातली नाही, त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणजे आकडा आधीच काही मिनिटं शिळा. त्यात जलद इन्सुलिनलाही काम सुरू करायला १०-१५ मिनिटं लागतात. साखर चढलेली दिसल्यावर पंप धावला तरी उशीरच. म्हणून बहुतेक पंपांना कर्बोदकं किती खाणार हे जेवणाआधी सांगावं लागतं. (आळशी माणसाला ही गोष्ट कुणी विकताना सांगत नाही!)

आणखी एक गोष्ट. पंपात फक्त जलद इन्सुलिन असतं, दीर्घकाळ टिकणारं नाही. कॅन्युला (त्वचेखाली बसवलेली बारीक नळी) वाकली किंवा पंपाची नळी तुंबली तर टाइप १ च्या (ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही अशा) रुग्णात काही तासांत कीटोन (इन्सुलिनअभावी चरबी जळून तयार होणारी घातक आम्लं) वाढू लागतात. दुरुस्तीचा डोस देऊनही साखर उतरत नसेल तर कीटोन तपासा, इन्सुलिन पेनने इंजेक्शन घ्या आणि कॅन्युला बदला. पेन कायम जवळ हवंच.