टेस्लाची 'पूर्ण स्वयंचलित' गाडी: 6 लाख नेमके कशाचे?

कोलशेतकर:
काल इथेच एकाने लिहिलं, "मुंबईत बीकेसीला टेस्लाचं शोरूम आलं, आता दोन वर्षांत ठाण्याच्या घोडबंदर रोडवर गाड्या आपोआप पळतील, ड्रायव्हरची कटकट संपेल." वाचून डोकं फिरलं. 2016 मध्ये टेस्लाचे मस्क म्हणाले, यापुढच्या प्रत्येक गाडीत आपोआप चालायला लागणारं सगळं हार्डवेअर आहे. 2017 संपायच्या आत लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला गाडी आपली आपण जाणार होती. 2019 मध्ये म्हणाले, पुढच्या वर्षी 10 लाख रोबोटॅक्सी, म्हणजे बिनड्रायव्हरच्या टॅक्सी. 2024 मध्ये या सोयीच्या 'फुल सेल्फ-ड्रायव्हिंग' नावालाच 'सुपरवाइज्ड' जोडलं, म्हणजे लक्ष तुम्हीच ठेवायचं. 2025 च्या जानेवारीत कबुली आली की जुन्या गाड्यांतला कॉम्प्युटर बदलावा लागेल. आणि 2025 मध्ये आपल्याकडे या सोयीचे 6 लाख लावले! बाजारात तुरी...

ऐरोलीकर:
तारखा चुकल्या, मान्य. पण बहिणीकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो, भावजींनी विमानतळापर्यंत स्टिअरिंगला हात लावला नाही. मी शेजारी बसून पाहिलंय. जून 2025 मध्ये ऑस्टिनला टॅक्सीही सुरू झाली.

कोलशेतकर:
त्या टॅक्सीत पुढच्या सीटवर कंपनीचा माणूस बसवला होता, ते का गाळलंत? गूगलच्या घरातल्या वेमो कंपनीने अमेरिकेत फिनिक्समध्ये 2020 लाच रिकाम्या ड्रायव्हर सीटने लोकांना नेलं. त्यांच्याकडे लायडार आहे, म्हणजे लेझरने अंतर मोजणारं यंत्र. टेस्लाने 2021 पासून रडारही काढत आणलं, सगळी भिस्त कॅमेऱ्यांवर.

ऐरोलीकर:
माणूसही डोळ्यांनीच चालवतो की.

मानपाड्याची:
माझ्या गाडीत (दुसरी कंपनी) लेन असिस्ट आहे, रस्त्यावरचे पट्टे बघून स्टिअरिंग वळवणारं. मेट्रोच्या पत्र्यांजवळ जुने पांढरे पट्टे अर्धवट खरवडलेले, नवे त्यांना तिरके मारलेले. पाऊस होता. गाडीने जुना पट्टा धरला आणि स्टिअरिंग पत्र्याकडे ओढलं. मागे मुलगा झोपला होता. तेव्हापासून बंद करून ठेवलंय.

हिरानंदानी_इस्टेट:
घोडबंदरचे सर्व्हिस रोड हायवेत घेतायत, त्याने आणखी वाट लागणार. सोसायटीचं गेट थेट ट्रकच्या तोंडावर.

कासारवडवली_1998:
घ्यायलाच हवा. मेट्रोच्या खांबांनी खाल्लेली जागा कुठून आणायची? तुमचं पार्किंग जातंय, हे खरं दुखणं.

हिरानंदानी_इस्टेट:
तोंड सांभाळा. आमच्या इमारतीतल्या आजोबांना गेटबाहेर पाऊल टाकताच दुचाकीने उडवलं. अजून वॉकर घेऊन चालतात. पार्किंग म्हणे!

कासारवडवली_1998:
आजोबांचं वाईट वाटलं, शब्द मागे घेतो. पण गायमुखला दीड तास अडकून बघा, मग रस्ता रुंद नको म्हणा.

मानपाड्याची:
रुंद करा, पण आधी पट्टे तरी धड मारा!

स्टिअरिंगवाला:
19 वर्षं साहेबांची गाडी चालवतो, घर कळव्याला. 'कटकट' हा शब्द लागला. माजिवड्याला सिग्नल हिरवा असतानाही उलट्या बाजूने येणारी रिक्षा मला आधी कळते, कारण रिक्षावाल्याची मान कुठे वळली ते मी बघतो. गडकरी साहेब ड्रायव्हरच्या पोटासाठी अशा गाड्या नको म्हणाले, ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

ऐरोलीकर:
दादा, ती पोस्ट माझी नव्हती, पण शब्द चुकीचाच होता. बरं, 6 लाख आत्ता भरू नयेत, एवढं मान्य. गाडी जमणारच नाही, हे मात्र मानणार नाही.

कोलशेतकर:
जमेल तेव्हा पैसे घ्या, माझं म्हणणं पहिल्यापासून तेवढंच आहे.