सर्व्हायव्हल हॉरर गेममध्ये टंचाई किती ठेवावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा एक मित्र नोकरी सांभाळून संगणकासाठी एक छोटा सर्व्हायव्हल हॉरर गेम, म्हणजे मोजक्या साधनांवर भीतीदायक जागेत तग धरायचा खेळ, तयार करत आहोत. तो घडतो कोल्हापुरात, शिवाजी पेठेतल्या एका बंद वाड्यात, जुलैच्या झडीत वीज गेलेली असताना. खेळाडूच्या हाती बॅटरी आणि मोजके सेल, एवढेच.

पहिल्या आवृत्तीत आम्ही चौदा सेल ठेवले होते. मामेभावाने गेम संपवला तेव्हा नऊ शिल्लक होते, आणि तो माजघरातून असा हिंडत होता की जणू भाड्याने खोली बघायला आला आहे. मग सेल पाचावर आणले, तर वाड्याचा तोच सोपा (ओसरी) चौथ्यांदा ओलांडताना तो म्हणाला, "आता भीती नाही, कंटाळा येतोय." तेव्हापासून आमचे काम अडले आहे.

१९९६ च्या 'रेसिडेंट इव्हिल'मध्ये गेम सेव्ह करायला टाइपरायटर गाठावा लागे आणि दर वेळी शाईची मोजकी रिबन खर्ची पडे. त्यावरूनच आम्ही देवघरातली समई लावली की गेम सेव्ह होतो, पण तेल वाटीभरच, अशी योजना केली. ती मला आवडते. मात्र वीस मिनिटांचा खेळ वाया गेला की खेळाडू भुतावर नाही, आमच्यावर चिडतो.

खरी भीती दिसली ती भलत्याच ठिकाणी. माळ्याच्या जिन्याखाली काहीच घडत नाही, फक्त वर फळी करकरते. तिथे मामेभाऊ नवा सेल घालावा की अंधारातच चढावे, या विचारात मिनिटभर थांबला होता. १९९९ च्या 'सायलेंट हिल'मध्ये राक्षस दिसण्याआधी रेडिओची खरखर ऐकू येते, तिचा परिणामही मला याच जातीचा वाटतो.

तो मिनिटभराचा थांबा संपूर्ण गेमभर टिकवायचा कसा, हे मला विचारायचे आहे. 'रेसिडेंट इव्हिल ४' (२००५) खेळाडूच्या कामगिरीनुसार काठिण्य गुपचूप कमी-जास्त करतो. तसे आम्हीही शिल्लक पाहून पुढच्या खोलीत सेल ठेवावेत काय? की ही लबाडी लक्षात आल्यावर धास्तीच संपते? ज्यांनी असे गेम बनवले आहेत किंवा कंटाळून अर्ध्यात सोडले आहेत, त्यांनी नेमके कुठे सोडले तेवढे कृपया सांगावे.