पाळकीय आराखडा कळत नाही, हा लोकांचा आळस?

किनाऱ्यावरची
काल इथे एका भावाने पाळकीय आराखड्याबद्दल, म्हणजे कॅथलिक चर्चने लोकांमधल्या कामांसाठी लिहिलेल्या योजनेबद्दल, लिहिलं, "पाळकीय आराखडा साध्या मराठीत आहे. ज्यांना कळत नाही त्यांनी तो उघडलेलाच नाही. मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटली की गेटवर गप्पांना वेळ आहे, चार पानं वाचायला नाही." हे वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहिते.

मी आमच्या धर्मग्रामाचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचा, आराखडा शेवटच्या ओळीपर्यंत वाचलाय. 'युवक' या मथळ्याखाली लिहिलंय, 'युवकांचे सक्षमीकरण करून त्यांचा सहभाग वृद्धिंगत करण्यात येईल.' 'कुटुंब'खाली, 'संकटग्रस्त कुटुंबांना सोबत करण्यात येईल.' कोण करणार? कधीपासून? पैसा कुठून? अख्ख्या आराखड्यात एक नाव नाही, एक तारीख नाही. आमच्या आळीत दारूपायी मोडलेलं एक घर आहे. त्या बाईने हे पान घेऊन कुणाच्या दारात जायचं? वर्षाने विचारलं की उत्तर येतं, 'प्रक्रिया चालू आहे.' आराखडा असा लिहिला की जाब विचारायला जागाच राहत नाही. मराठी जड आहे ही माझी तक्रार नाहीच. जबाबदारी कुणाच्याच गळ्यात पडू नये अशा बेताने लिहिलंय, ही आहे.

सिनडसाठी, म्हणजे पोपनी बोलावलेल्या बिशपांच्या सभेसाठी, २०२१ पासून जगभर श्रद्धावंतांची मतं मागवली. २०२४ च्या अंतिम दस्तऐवजात पारदर्शकता आणि उत्तरदायित्व यांवर स्वतंत्र भाग आहे. रोममध्ये जे मान्य झालं ते आमच्या चार पानांत का उतरत नाही?

जुना सेक्रेटरी
ताई, तुम्ही कधी कौन्सिलवर, म्हणजे धर्मग्रामाच्या पाळकीय मंडळावर, बसलात? मी बसलोय. आराखड्याच्या बैठकीला घरोघर निरोप धाडला. आले कोण? तेच चेहरे, जे दर सणाला खुर्च्या लावतात. नाव कुणाचं लिहायचं? लिहिलं की दुसऱ्या दिवशी फोन, 'मला न विचारता कसं घातलंत?' म्हणून 'करण्यात येईल' लिहावं लागतं.

आणि अधिकार तरी कुठे आहे? १९८३ च्या कॅनन लॉचं, म्हणजे चर्चच्या कायद्याचं, कलम ५३६ पाहा. पाळकीय मंडळ बिशपांना योग्य वाटलं तर, अध्यक्ष प्रमुख धर्मगुरू, आमचं मत सल्ल्यापुरतं. जे हातात नाही त्याची तारीख कशी टाकायची?

किनाऱ्यावरची
कलमं काढलीत तर पुढचंही वाचा. ५३७ म्हणतं, वित्त समिती प्रत्येक धर्मग्रामात हवीच. १२८७ म्हणतं, लोकांनी दिलेल्या पैशाचा हिशेब लोकांना द्यायचा. आणि त्याच सिनडने पाळकीय मंडळंही बंधनकारक करा अशी मागणी केलीय. सल्ला देणाऱ्याला 'अमुक काम मी करतो' असं म्हणायला कोणतं कलम आडवं येतं?

वाडवळ गडी
तुमची कलमं चालू द्या, खरं दुखणं बदली आहे. आमच्याकडे आधीच्या फादरांनी शेतकऱ्यांचा गट बांधला होता. विहिरींचं पाणी खारं होत चाललंय, टँकरवाले उपसा थांबवत नाहीत, म्हणून कुणाच्या विहिरीला कधी पाणी बिघडलं याची वही ठेवली होती. माझा बाप त्यात दर महिन्याला लिहायचा. फादरांची बदली झाली. नवे फादर आले, नवा आराखडा आला, त्यात 'पर्यावरण' असा छान मथळा आला. वही मला साक्रिस्तीत, म्हणजे चर्चच्या सामानाच्या खोलीत, कपाटात मेणबत्त्यांच्या खोक्यांखाली सापडली. सांगा, यात लोकांचा आळस कुठे आहे?

कुपारी आजा
पोरा, वहीचं वाईट वाटलं. पण बदली हवीच! एकच फादर खूप वर्षं राहिले की काय होतं ते मी पाहिलंय. मंडपाचं काम एकाच घरात, कौन्सिलवर त्याच घरातले, आणि कुणी बोललं की त्याच्या पोराच्या लग्नाच्या कागदांना उशीर.

वाडवळ गडी
आजोबा, ते तुम्ही गप्प बसलात म्हणून झालं. कलम ५२२ सांगतं, धर्मगुरूच्या पदाला स्थैर्य हवं. मुदतीची नेमणूक बिशप परिषदेने परवानगी दिली तरच.

कुपारी आजा
गप्प बसलो? तेव्हा बोलायची किंमत आम्ही मोजलीय. तोंड सांभाळून लिही.

मालवणी मेस्त
माका एक सांगा, वसईकरांनो, तुमचो धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांचो इलाको, १९९८ चो, आमचो सिंधुदुर्ग २००५ चो, पुण्यातून वेगळो झालेलो. आमच्याकडे एक फादर आणि वाड्यावाड्यांत पांगलेली घरं. पावसात रस्ता बंद झाला की आमच्या कपेलात, म्हणजे वाडीतल्या लहान चर्चात, मिस्साच होत नाही. तेव्हा रोझरी कोण सांगतं, आजाऱ्याकडे कोण जातं, वर्गणी कोण गोळा करतं, हे आम्हीच बसून ठरवतो. एका कागदावर, नावासकट. फादर बदलले तरी तो कागद बदलत नाही, कारण तो फादरांचा नाहीच.

जुना सेक्रेटरी
तुमची वाडी लहान, सगळे एकमेकांना ओळखतात. आमच्याकडे इमारतीच्या इमारती नव्या उभ्या राहिल्यात, शेजारी कोण ते माहीत नाही.

किनाऱ्यावरची
मग शेजारी कोण ते आधी माहीत करून घ्या. पाळकीय काम दुसरं काय असतं?

जुना सेक्रेटरी
बरं. पुढच्या बैठकीत आराखड्यातल्या प्रत्येक कामापुढे नाव आणि महिना असा रकाना मागतो. फादर नाही म्हणाले तर तेही इतिवृत्तात लिहीन. पण 'संकटग्रस्त कुटुंबां'पुढे पहिलं नाव तुमचं घालणार, आणि मग फोन करायचा नाही.

किनाऱ्यावरची
घाला. फोन नंबरही घाला.

वाडवळ गडी
आणि बदलीचं काय?